हिरड्यांतून रक्त, तोंडातले-पोटातले जिवाणू आणि हृदयरोग: अनुभव आणि माहिती हवी आहे

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. लिहिणं थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा ६८ वर्षांचे. कऱ्हाडजवळ गावी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. २०२१ मध्ये बाबांना अटॅक आला, दोन स्टेंट टाकले. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. औषधांत कधी खाडा नाही. आई रविवारी रात्री आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते.

गेल्या दिवाळीत रात्री जेवायला बसलो होतो. बाबांनी भाकरीचा घास तोडला, चावला आणि हातातला अर्धा तुकडा ताटात ठेवला. पांढऱ्याशुभ्र शाळूच्या भाकरीवर दातांच्या खुणा आणि त्याभोवती लालसर ओला डाग. मी बघतच राहिले. विचारलं तर म्हणाले, "रगत पातळ करायच्या गोळ्या चालू हायत न्हवं, येतंयच की." आई म्हणाली, दोन वर्षं झाली, चूळ भरली तरी गुलाबी पाणी येतं. दर सहा महिन्यांनी हृदयाच्या तपासणीला जातात तिथे त्यांनी एकदा सांगितलंही होतं. "गोळ्यांमुळे होतं" असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. तोंड उघडून कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक काडी असते. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवून त्या आकडे सांगत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. पाच, सहा, सात, सहा, सात. निरोगी हिरडीत ती काडी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आत जात नाही म्हणे. पायरिया बराच वाढलेला होता, खालच्या दोन दाढा हलत होत्या. बाईंनी लगेच साखर तपासायला सांगितली. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.१ निघाली. बाबांना मधुमेह आहे हे आम्हाला दातांच्या दवाखान्यात कळलं.

आणखी एक. आठ महिन्यांपूर्वी एक दाढ काढली होती, तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यातून पंधरा दिवसांसाठी गुलाबी औषधी माउथवॉश दिला होता. तोंड स्वच्छ वाटतं, रक्तही थोडं कमी येतं म्हणून बाबांनी तो थांबवलाच नाही. बाटली संपली की नवी आणायची. बाबा बीपी वहीत लिहून ठेवतात. आधी वरचा आकडा १२८-१३० असायचा, आता बऱ्याचदा १३८-१४० दिसतो.

हिरड्यांचा आणि हृदयाचा खरंच संबंध असतो का? की दोन्ही आजार एकाच माणसात सापडतात एवढंच? माउथवॉशचं मी कुठेतरी ओझरतं वाचलं होतं, त्यात तथ्य किती? आणि खाण्यात नेमकं काय बदलावं? घरात शेतातली ज्वारी आहे, परसात माठ-चाकवत आहे, आईच्या हाताला चव आहे. त्यामुळे पावडरी आणि कॅप्सूल सोडून सांगा.

दंतवैद्य_सोलापूर

कोयनाकाठ ताई, आधी त्या बाईंचं मनापासून कौतुक. काडी घालून खोली मोजणं आणि साखर तपासायला लावणं ही दोन्ही कामं त्यांनी चोख केली.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त वेळ वाहतं, हे खरं. पण निरोगी हिरडी भाकरी चावताना फुटत नाही. रक्त येतंय याचा अर्थ तिथे सूज आहे. गोळीने ती सूज आपल्या नजरेला आणली. माझ्याकडे येणाऱ्या हृदयरुग्णांपैकी किती जण "गोळ्यांचंच आहे" म्हणून वर्षानुवर्षं थांबलेले असतात ते मी रोज बघतो आणि दर वेळी हळहळतो.

आता संबंधाचं. दातांभोवती सगळीकडे हिरडी आणि दात यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर खोल फटी, म्हणजे कप्पे, झाले असतील तर त्यांच्या आतल्या बाजूची सुजलेली कातडी एकत्र पसरली तर तळहाताच्या आसपास भरू शकते. हातावर तेवढी उघडी जखम असती तर घरच्यांनी एक दिवस तरी थांबू दिलं असतं का? त्या जखमेतून चावताना, ब्रश करताना जिवाणू रक्तात उतरतात. बहुतेक वेळा शरीर ते काही मिनिटांत निपटून काढतं. पण सूज कायम राहिली की रक्तात दाह दाखवणारे घटक वाढलेले राहतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते सोसत नाही. मानेच्या धमन्यांतून काढलेल्या चरबीच्या थरात पायरियाच्या जिवाणूंचा डीएनए सापडलेला आहे, त्यात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा नेहमीचा.

संशयाला सुरुवात झाली १९८९ मध्ये. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी नुकताच अटॅक आलेल्यांचे दात तपासले, ते इतरांपेक्षा खराब निघाले. पुढे २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तोवरचा सगळा पुरावा चाळला. धूम्रपान, मधुमेह वगैरे बाजूला काढले तरी हिरड्यांचे आजार आणि हृदयरोग यांचा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही आणि हिरड्यांवर उपचार केल्याने अटॅक टळतो असाही पुरावा नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. तेव्हा "दात साफ करा, अटॅक टाळा" अशी पाटी कुठे दिसली तर भुलू नका.

तरीही उपचार करावेत, आणि लवकर करावेत. २००७ मध्ये १२० रुग्णांवर केलेला एक अभ्यास आहे. कप्प्यांची कसून सफाई केल्यावर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांचं कार्य थोडं बिघडलं, पण सहा महिन्यांनी साध्या सफाईवाल्यांपेक्षा स्पष्ट सुधारलेलं होतं. साखरेचा पुरावा याहून भक्कम आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात पायरियाच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ ने उतरलेलं दिसतं. बाबांच्या बाबतीत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोन गोष्टी जरूर लक्षात ठेवा. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगतात, दातांवर चढतात. मग फटीत अन्न अडकतं आणि पायरिया बळावतो. तुमच्या डॉक्टरबाईंना हे औषध चालू असल्याचं सांगा. तसं असेल तर त्या हृदयाच्या डॉक्टरांना पत्र देतील, गोळी बदलता येते. आणि दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेंटवाल्या माणसाने तसं करणं धोक्याचं आहे. दाढेतलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं.

अश्विन_ठाणे

सफाई केली की दात हलायला लागतात असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी त्याच भीतीने दहा वर्षं काढली. डॉक्टर, यावर सांगाल का?

दंतवैद्य_सोलापूर

दात हलतो तो खालचं हाड झिजल्यामुळे. वर्षानुवर्षं साठलेलं किटण दातांना सिमेंटसारखं धरून ठेवतं, त्यामुळे हलणं कळत नाही. किटण काढलं की जे आधीच हलत होतं ते जाणवतं. सफाईनंतर काही आठवड्यांत सूज उतरून हिरडी घट्ट बसते आणि बरेच दात पुन्हा स्थिरावतात. सासऱ्यांना घेऊन जा. दहा वर्षांत हाड किती राहिलं आहे ते एक्स-रेमध्ये दिसेल.

फिजिऑलॉजीची_बाई

माउथवॉशवर मी लिहिते. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाल्यावरही हा विषय मला सोडवत नाही.

हृदयरुग्णाच्या घरात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. हाच वायू आपल्या रक्तवाहिन्या स्वतःही तयार करत असतात. ते उकलल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. वय वाढलं, मधुमेह झाला की अस्तराची ही ताकद कमी होते.

पण शरीराकडे दुसरीही वाट आहे आणि ती ताटातून सुरू होते. पालेभाज्या, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. ते आतड्यातून रक्तात जातं आणि त्यातला साधारण पाव हिस्सा लाळेच्या ग्रंथी ओढून घेऊन पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर ज्या खोल खाचा असतात तिथे राहणारे जिवाणू या नायट्रेटचं नायट्राइट करतात. आपल्या पेशींना हे काम जवळजवळ जमतच नाही. नायट्राइट गिळलं की पुढे जठरात आणि रक्तात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. म्हणजे जेवण झाल्यावर काही तास आपण आपल्याच लाळेतून रक्तदाबाचं औषध गिळत असतो. हे वर्गात सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

लंडनमध्ये २००८ साली हे पडताळून बघितलं. निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटाचा रस दिला. अडीच-तीन तासांत वरचा दाब दहाच्या आसपास उतरला. मग दुसऱ्या वेळी रस प्यायल्यावर त्यांना सगळी लाळ थुंकून टाकायला सांगितली. दाब उतरलाच नाही. रस तोच, माणसं तीच, फक्त लाळ पोटात गेली नाही. २०१३ मध्ये तिथल्याच चमूने १९ निरोगी माणसांना सात दिवस जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरायला लावल्या. तोंडातलं नायट्राइट ९० टक्क्यांनी घटलं आणि रक्तदाब २ ते ३.५ ने वाढला.

आता बाबांचं. दहा आकड्यांची वाढ मी एकट्या माउथवॉशवर घालणार नाही. मीठ, झोप, साखर, बीपीचं यंत्र, कितीतरी कारणं असू शकतात. पण पंधरा दिवसांसाठी दिलेलं औषध आठ महिने वापरायचं काहीच कारण नाही. ते वाईट जिवाणूंबरोबर कामाचेही मारतं, शिवाय दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. दातांच्या डॉक्टरांना विचारून बंद करा. वही चालू ठेवा. रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून मोजा. आकडे तसेच राहिले तर हृदयाच्या डॉक्टरांना वहीच दाखवा.

पालेभाजीबद्दल एक विनंती. नायट्रेट पाण्यात विरघळतं. पालक किंवा माठ उकडून पाणी ओतून दिलं तर निम्मा फायदा मोरीत जातो. आपली परतून केलेली माठाची भाजी, डाळ घालून केलेलं चाकवताचं गरगट, मुळ्याच्या पाल्याची भाजी, या रीती उत्तम, कारण त्यात पाणी भाजीतच जिरतं.

झडप_आणि_मी

बाई, तुमचं वाचून लगेच लिहायला घेतलं. माझ्यासारख्यांनी पालेभाजीचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

लहानपणी घसा सतत सुजायचा, त्यातून संधिवाताचा ताप आला आणि हृदयाची झडप खराब झाली. दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअरचं इंजेक्शन हेच माझं बालपण. ३१ व्या वर्षी झडप बदलली, धातूची बसवली. आता आयुष्यभर अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. म्हणून आमच्यासारख्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण एकदम वाढवायचीही नाही. मी आठवड्यातून तीन दिवस, एकच वाटी, असं ठरवून घेतलंय आणि आयएनआर जागेवर राहतो.

मुख्य सांगायचं ते वेगळंच. झडप बदलल्यानंतर चौथ्या वर्षी माझी दाढ किडली. कामाच्या घाईत गल्लीतल्या एका दवाखान्यात काढून घेतली. झडपेचं मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळचा ताप यायला लागला. बारीक ताप, घाम, वजन उतरत चाललेलं. एका ठिकाणी टायफॉइड म्हणून उपचार झाले, दुसरीकडे मलेरियाच्या गोळ्या. सहावा आठवडा उजाडला तेव्हा एका तरुण डॉक्टरणीने छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिली आणि विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत दात काढला होता का?" रक्ताचं कल्चर केलं. तोंडातला स्ट्रेप्टोकोकस झडपेवर जाऊन बसला होता. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. हाताच्या शिरा संपल्या होत्या. मुलगी तेव्हा दुसरीत होती, दवाखान्याच्या खाटेवर बसून पाढे म्हणायची.

कृत्रिम झडप असलेल्या प्रत्येकाने दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधी झडपेचं कार्ड दाखवा. माझं आता पाकिटात पैशांच्या पुढच्या कप्प्यात असतं.

दंतवैद्य_सोलापूर

वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही सांगितलंत म्हणून आणखी कुणीतरी वाचेल.

गैरसमज नको म्हणून लिहितो. दात काढण्याआधी तासभर घ्यायचं अँटिबायोटिक कृत्रिम झडप असलेल्यांना, आधी झडपेला असा संसर्ग होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोष असलेल्यांना लागतं. नुसता स्टेंट किंवा बायपास असेल तर लागत नाही. कोयनाकाठ ताईंच्या बाबांना ते नको. आणि ज्यांना लागतं त्यांच्यासाठीही त्या एका गोळीपेक्षा रोजच्या रोज स्वच्छ ठेवलेलं तोंड जास्त कामाचं आहे, कारण सुजलेल्या हिरडीतून जिवाणू रोज दोनदा ब्रश करतानाही रक्तात जातातच.

मांडवीतीर

आम्ही गोंयकार, मासे नसले तर जेवण घशाखाली उतरत नाही. एका नातेवाइकाने पाठवलं की मांस, अंडी, मासे यांच्यापासून पोटातले जिवाणू टीएमएओ नावाचं विष करतात आणि त्याने हृदयाच्या नळ्या बंद होतात. पप्पांची बायपास झालीय, त्यांनी त्या दिवसापासून बांगड्याला हात लावला नाही. ताट बघवत नाही त्यांचं. काय खरं?

फिजिऑलॉजीची_बाई

पप्पांना बांगडा द्या. तळून नको, हुमण (आमटी) करून द्या. का ते सांगते.

अंड्यातल्या बलकात कोलीन असतं, लाल मांसात कार्निटिन. आतड्यातले काही जिवाणू त्यांच्यापासून टीएमए नावाचा वायू करतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनली हेझन यांच्या चमूने २०११ पासून यावर काम केलं. २०१३ मध्ये त्यांनी चार हजारांवर रुग्णांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त होतं, त्यांच्यात अटॅक, पक्षाघात, मृत्यू मिळून प्रमाण सर्वांत कमीवाल्यांच्या अडीच पट होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मांसाहारी माणसांना कार्निटिन दिल्यावर टीएमएओ झपाट्याने वाढलं, वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्यांत फारसं वाढलं नाही. कारण ते काम करणारे जिवाणूच त्यांच्या पोटात बेताचे. आपण रोज जे खातो त्यावर पोटात कोण वस्तीला राहणार हे ठरतं, ते इथे डोळ्यांना दिसतं.

पण माशात टीएमएओ आयतंच असतं, समुद्राच्या माशात तर भरपूर. मासे खाल्ल्यावर काही तास रक्तात ते चांगलंच वर जातं. तरीही मासे खाणाऱ्या समाजांत हृदयरोग वाढलेला दिसत नाही. म्हणजे टीएमएओ एकटंच गुन्हेगार आहे असं म्हणता येत नाही. शिवाय मूत्रपिंड मंदावलं तरी ते रक्तात साचतं, त्यामुळे काही वेळा ते आधीच्या आजाराची खूण असू शकतं. म्हणून त्याची तपासणी करून घ्या असं मी कुणालाही सांगत नाही. लाल मांस मात्र हृदयरुग्णाने कमी करावं, त्याला इतरही कारणं आहेत.

बाजारात शिळ्या बांगड्याचा जो वास नाकात जातो तो याच टीएमएचा. मासा मेला की जिवाणू त्यातल्या टीएमएओचं टीएमए करायला लागतात. आणि आंबटाने तो वास मरतो, कारण टीएमए अल्कधर्मी आहे. तुमच्या घरी हुमणात सोलं (कोकम) पडतात ती चवीसाठी, पण हेही काम करून जातात.

सुक्या माशांबद्दल मात्र सांभाळा. खारवलेला बांगडा, सुकट यांत मीठ फार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, दिवसभराचा सगळा स्वयंपाक धरून.

मांडवीतीर

देव बरें करूं बाई. आज संध्याकाळीच पप्पांना वाचून दाखवतो.

जुना_शाळू

आमचे पूर्वज हेच खायचे, शिळी भाकरी, ताक, ठेचा, लोणचं, पापड. पोटातले जिवाणू आपोआप चांगले राहायचे. कुणाला अटॅक येत नव्हता. पुन्हा तेच सुरू करा, गोळ्याही सुटतील.

फिजिऑलॉजीची_बाई

शिळ्या भाकरीचं मी मान्य करते, गोळ्या सुटण्याचं अजिबात नाही.

शिजवलेलं पीठ किंवा भात गार झाला की त्यातला काही स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि तिथल्या जिवाणूंचं जेवण होतो. ज्वारी-नाचणीचा कोंडा, हुलगे, मटकी, पावटे, गवार यांतला चोथाही तसाच. त्यावर जिवाणू जगतात आणि ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अ‍ॅसिटेट अशी लहान आम्लं सोडतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात. अस्तर धड राहिलं की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपत नाहीत आणि दाह आटोक्यात राहतो. चोथा नसला की काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगात स्पष्ट दिसलंय. विरघळणारा चोथा पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवं पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. हा फायदा खरा आहे, पण मापात आहे. स्टेंटवाल्याची कोलेस्टेरॉलची (स्टॅटिनची) गोळी त्याने सुटत नाही. कृपा करून असं कुणाला सांगू नका.

लोणचं-पापडातलं मीठ तर वर आलंच. आणि ते शिळी भाकरी खाऊन दिवसभर मोट हाकत होते, नांगरत होते. मधुमेही माणसाने भाकरी शिळी आहे म्हणून एकाऐवजी तीन खाल्ल्या तर साखर वाढणारच.

माणदेशी_लेक

इतका वेळ वाचतेय आणि एक शब्द कुणी लिहीना म्हणून लिहिते. मिश्री.

आमच्या भागात घराघरात आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पाट्यावर वाटायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. तो भाजतानाचा ठसका अजून माझ्या घशात आहे. आईला सकाळी उठल्यावर मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नव्हतं, दुपारी जेवल्यावर पुन्हा, रात्री झोपताना पुन्हा. बोट हिरडीवर फिरवत अंगणात तासभर बसायची. आम्हा पोरींना वाटायचं दात घासतेय. तिलाही तसंच वाटायचं. तिच्या आईने शिकवलं होतं.

ती तंबाखू आहे. निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं, नाडी वाढते, दाब वाढतो. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आवळतो. म्हणून तंबाखूवाल्यांच्या हिरडीतून कधी कधी रक्त कमी येतं आणि आतून हाड झिजत राहतं. आईच्या हिरडीतून थेंबही रक्त यायचं नाही. ५२ व्या वर्षी तिचे खालचे सगळे दात गेले आणि ५८ व्या वर्षी अटॅक आला. दवाखान्यात विचारलं, "तंबाखू, बिडी?" आई म्हणाली, "न्हाई." ती खोटं बोलत नव्हती. मिश्रीला ती तंबाखू समजतच नव्हती. दवाखान्यात विचारताना "मिश्री लावता का?" असं नाव घेऊन विचारायला हवं.

सोडवायला आम्हाला वर्ष लागलं. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर मी तिच्या शेजारी बसून फोन लावला. पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं, चिडायची, पोट साफ व्हायचं नाही. डबी ती स्वतः टाकेना, मलाही टाकू देईना. मग बडीशेप भरून ठेवली त्याच डबीत.

कोयनाकाठ

माणदेशी ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. माझी आईसुद्धा लावते. मी हा अख्खा धागा बाबांबद्दल लिहिला आणि जी बाई त्यांच्या गोळ्या डबीत भरते तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. ती ६३ वर्षांची आहे. तिचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते मला आठवेना.

इकडची हकिकत लिहिते. दंतवैद्य सरांनी सांगितल्याप्रमाणे अ‍ॅम्लोडिपिनचं डॉक्टरबाईंना सांगितलं. पुढच्या बाजूला हिरडी थोडी फुगलेली आहे, त्यांनी पत्र दिलं. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि मधुमेहाचं औषध सुरू केलं. खोल सफाई चार बैठकांत झाली. एक दाढ काढावी लागली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू ठेवून. टाका घातला, अर्धा तास कापूस दाबून बसवलं, काही झालं नाही. माउथवॉश बंद आहे. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश आणि दातांच्या फटीत घालायचा तो बारीक ब्रश. बाबा त्याला "बाटलीचा ब्रश" म्हणतात. गेल्या दहा दिवसांत वहीत १३० ते १३४ आहे. कशाने उतरलं ते कळणार नाही, गोळीही बदललीय आणि लोणचंही सुटलंय.

माठ एक दिवसाआड होतो, पाणी न टाकता. आईला हे पटवायला वेळ लागला नाही, ती आधीपासून तसाच करते. मटकीला मोड आणते.

काल फोनवर तिला म्हटलं, तुझेही दात दाखवू या. म्हणाली, "मला कुटं काय हुतंय? माझ्या हिरडीतनं रगत बी येत न्हाई." माणदेशी ताई, तुमचं वाक्य आठवलं आणि पोटात खड्डा पडला. शनिवारी कऱ्हाडला जातेय, तिचीही वेळ घेतली आहे. डबीचं अजून काही बोलले नाहीये. तुम्ही पहिल्यांदा तो विषय कसा काढलात, शक्य असेल तर शनिवारच्या आत सांगाल का?

माणदेशी_लेक

ताई, मी डबीबद्दल बोललेच नाही आधी. सकाळी तिच्या शेजारी अंगणात जाऊन बसले आणि विचारलं, "आई, तुला ही कुणी शिकवली?" मग ती तासभर तिच्या आईबद्दल बोलत होती, आजीचे दात कधी गेले तिथपर्यंत. तुम्हाला खासगी निरोप पाठवलाय, त्यात माझा नंबर आहे. शनिवारी सकाळी निघायच्या आधी फोन करा.